पेटिफर्डांच्या इलायसची शर्यत

पेटिफर्डांच्या इलायसला सायकलीपेक्षा सबबींचाच सराव जास्त झाला होता. त्या काळी इंडियानापोलिसला सायकलीचं असं वेड लागलं होतं की पाद्रीबुवासुद्धा अंगरख्याला चिमटा लावून सायकलीवरून प्रार्थनेला यायचे. पण शहराची मोठी शर्यत म्हणाल तर ती गोऱ्यांची. इलायस काळा, सायकल-दुरुस्तीच्या दुकानात कामाला. शर्यतीतल्या निम्म्या सायकलींची चाकं त्याच्या हातून सरळ होऊन जायची, आणि शर्यतीच्या दिवशी हा आपला रस्त्याच्या कडेला उभा. त्याचं मागणं काही फार नव्हतं. एकदा त्या शर्यतीत उतरावं, आणि पहिला आलो तर चारचौघांत आपलं नाव पुकारलं जावं, बस.

पहिल्या वर्षी तो पंचांकडे गेला. पंच म्हणजे व्हिटकॉम्ब साहेब, भली मोठी मिशी आणि बोलणं लोण्यासारखं. "माझं काही नाही रे बाबा," साहेब म्हणाले, "पण सगळे हॉटेलात कपडे बदलतात. तिथं तुला आत घेतील का, तूच सांग."

दुसऱ्या वर्षी इलायस घरूनच कपडे घालून गेला.

"कपड्यांचं झालं रे," साहेब म्हणाले, "पण मध्ये खाण्यापिण्याला थांबतात ती खाणावळ. माझं काही नाही, पण तो खाणावळवाला..."

इलायस घरी आला आणि टोपी टेबलावर आपटली. त्याला लहानाचं मोठं केलं ते हेस्टर आत्याने. ती लोकांचे कपडे धुवायची, आणि तोंडानेही कुणाला धुवायचं बाकी ठेवायची नाही.

"साहेब म्हणतो माझं काही नाही, हॉटेलवालाही म्हणेल माझं काही नाही, मग हे आहे तरी कुणाचं?" इलायस म्हणाला. "एकदा नाही म्हणून मोकळे व्हा ना. मी तरी सुटेन."

"तसं म्हटलं तर त्याला वाईट माणूस व्हावं लागेल," आत्या म्हणाली. "बस खाली. जेव."

तिसऱ्या वर्षी तिने मक्याची भाकरी आणि तळलेला मासा फडक्यात बांधून त्याच्या पाठीला आवळून दिला. पाण्याची बाटली दिली, पंप दिला. साहेबांनी कपडे पाहिले, फडकं पाहिलं, बाटली पाहिली, आणि मिशीचं टोक चावत राहिले. सबब काही सापडेना. शेवटी म्हणाले, "राहा उभा. सगळ्यांच्या मागे."

दिवस होता मेअखेरचा, सैनिकांच्या कबरींवर फुलं वाहायच्या सुट्टीचा. मोठ्या रस्त्यावरचा पूल दुरुस्तीला काढलेला, म्हणून शर्यत नेमकी इलायसच्या वस्तीतून वळवली होती. वस्तीला केवढा आनंद. आपला पोरगा आपल्या दारावरून जाणार.

आता शहराची पाण्याची गाडी गोऱ्यांच्या रस्त्यांवर रोज पाणी मारायची, वस्तीत कधी फिरकायची नाही. धूळ बसवायची तर बायकांनीच बादल्यांनी सडा टाकायचा, ही तिथली रीतच. त्या दिवशी तर इलायसच्या घशात कणभर धूळ जायला नको म्हणून घराघरातून बादल्या निघाल्या. आत्याने तर कपडे खळबळल्याचं टबभर पाणीसुद्धा ओतलं. एकीचं पाहून दुसरी, दुसरीचं पाहून तिसरी. माती पिवळी, चिकट. सडा कसला, रस्त्याचा पार लगदा झाला.

इकडे इलायसचे हाल चालले होते. मागून निघून तो भराभर पुढे सरकला, तर गोऱ्यांनी त्याला घेरलं. एक पुढे, एक मागे, दोन बाजूंना. ह्याने वेग वाढवला की पुढचा हळू होणार, ह्याने वाट काढली की बाजूचा कोपर मारणार.

"घाई कसली आहे?" डावीकडचा म्हणाला. "डबा खाऊन घे ना."

"तुझ्या चाकाचे स्पोक मीच ताणलेत," इलायस म्हणाला. "पैसे अजून दिले नाहीस."

उजवीकडचा फसकन हसला. मग त्याने आणखी एक कोपर मारला.

असे पाच जण एकमेकांना चिकटून वस्तीच्या वळणावर आले आणि बायकांच्या लगद्यात शिरले. पुढच्याचं चाक सरकलं. त्याच्यावर इलायस, इलायसवर बाकीचे, आणि मागून येणारेही त्यांच्यावर. दाराशी टाकलेल्या फळीवर उभ्या आत्याने कपाळावर हात मारला. "अरे देवा, आपणच मारला याला," ती शेजारणीला म्हणाली.

ढिगाऱ्यातून एकेक जण उठला तो डोक्यापासून टाचेपर्यंत पिवळा. पाठीवरचे आकडे बुजले, तोंडं बुजली, इलायसच्या पाठीचं फडकंही सुटून लगद्यात गेलं. आता घेरायचं कुणाला? एकाने चुकून आपल्याच भावाला कोपर मारून पाडलं आणि दोघं तिथंच शिव्या देत बसले. इलायसने सायकल उचलली, चाक फिरवून पाहिलं आणि निघाला. तीन वर्षांचा संताप पायांत होता. वाटेत त्याच्या जवळ कुणी आलं तरी ते आपल्याच सायकलीशी झगडत होतं.

शेवटच्या रेषेवर हा पिवळा पुतळा पहिला आला. बँड वाजला, टोप्या उडाल्या. व्हिटकॉम्ब साहेबांनी स्वतः पुढे होऊन त्याचा हात धरला आणि उंच केला. "शाबास पोरा. कुणाचा तू?"

"पेटिफर्डांचा. इलायस."

साहेबांचा हात वरच राहिला. सगळं शहर बघत होतं, सोडणार कसा? ते हळूच म्हणाले, "असं कर, आधी तोंड धुऊन ये. मग बघू. माझं काही नाही, पण लोकांना..."

"नाही," इलायस म्हणाला. आवाज चढवला नाही. चढवायला त्राणच उरलं नव्हतं. "कपडे झाले, डबा झाला. आता तोंडावर आलं. आधी नाव घ्या. मग धुतो."

तेवढ्यात बाकीचे पिवळे येऊन पोचले. कोण कोणता ते कुणालाच कळेना, आणि पहिला कोण हे मात्र सगळ्यांनी पाहिलेलं. साहेबांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. मिशीतल्या मिशीत पुटपुटले, "इलायस पेटिफर्ड."

वस्तीतली माणसं शर्यतीच्या मागोमाग धावत आली होती आणि गर्दीच्या अगदी मागे उभी होती. आत्याचा घागरा गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेला.

"साहेब," ती तिथून म्हणाली, "इथं मागे काही ऐकू आलं नाही."

साहेबांनी घसा खाकरला आणि पुन्हा म्हटलं. या खेपेला बँडवाल्यांनाही ऐकू गेलं.