झुलालबापूंची पाठ

ऐका हो ऐका! शहादा शहर आणि आसपासच्या खेड्यांतील समस्त रसिक प्रजेस अत्यंत गंभीरपणे जाहीर करण्यात येते की, भुताखेतांच्या बोलपटांचा सबंध पश्चिम खानदेशातला सर्वांत कडक परीक्षक, ज्याचे मत ऐकल्याशिवाय आम्ही तिकीट काढत नव्हतो, त्या गृहस्थाने उभ्या आयुष्यात एकही बोलपट पाहिलेला नव्हता. हे गृहस्थ म्हणजे झुलालबापू. ते सिनेमाच्या तंबूत रोज जात, सगळ्यांच्या पुढे बसत, आणि पडद्याकडे पाठ करून बसत.

आमच्या जीनमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, बापू मुकादम होते आणि मी तोलाईचा कारकून. हंगामात कापसाच्या गाड्यांची रांग थेट लोणखेड्याच्या रस्त्यापर्यंत लागायची. बापू गाडीजवळ जात, शेतकऱ्याला रामराम करीत आणि रामराम तोंडात असतानाच कापसात कोपरापर्यंत हात खुपसत. वर कोरडा कापूस आणि पोटात पाणी मारलेला, असा माल त्यांच्या बोटांना लगेच कळे. हात बाहेर काढून म्हणत, "वरथीन पांढरं, मझार वलं." हे वाक्य त्यांनी पुढे कापसापुरते ठेवले नाही. नवा मामलेदार आला, शेजाऱ्याने फुकट भाजी पाठवली, कथेकरीबुवांच्या डोळ्यांत पाणी आले, की बापू शांतपणे म्हणत, वरथीन पांढरं. पुढचे आम्ही मनात म्हणत असू. एकदा लग्नाच्या पंगतीत त्यांनी वाढप्याच्या हातातल्या बुंदीच्या परातीत हात घातला होता. आत काय निघाले असते, ते त्यांनाच ठाऊक.

लढाईच्या दिवसांत जीनच्या पटांगणात हिवाळाभर करीमभाईंचा तंबू लागे. करीमभाई मूळचे नंदुरबारचे. माणूस दिलदार, पण यंत्र म्हातारे. रीळ तुटले की ते जोडेपर्यंत तंबूत मिट्ट काळोख. पहिल्याच दिवशी बापूंचा आणि त्यांचा वाद झाला. बापूंचे म्हणणे, "मी सिनेमा देखत नही, मंग टिकीट कसानं?" करीमभाई हात जोडून म्हणाले की, बापू, डोळे तुमचे, ते कुठे ठेवायचे ते तुम्ही ठरवा, पण सतरंजी माझी आहे. शेवटी बापूंनी रॉकेलचे खोके घरून आणले. सतरंजी वापरली नाही, तिकीटही काढले नाही. पडद्याखाली खोके मांडून ते आमच्याकडे तोंड करून बसले.

"भूत दिखनं का मानूस खरा दिखस," असा त्यांचा सिद्धान्त होता. पडद्याचा उजेड आमच्या तोंडांवर पडे, आणि बापू आमची तोंडे वाचत. दुसऱ्या दिवशी जीनच्या ओट्यावर त्यांचे परीक्षण व्हायचे. मुंडके नसलेल्या नवरीचा बोलपट त्यांनी साफ नापास केला: खोटा माल, बायका सुपारी कातरत बसल्या होत्या. पेटीतल्या प्रेताचा मात्र पसंत पडला. किराणावाल्या मारवाडी शेठजींनी पगडी डोळ्यांवर ओढली होती, म्हणजे प्रेत उत्तम असले पाहिजे.

मग एक बोलपट आला, त्यातल्या भुताच्या कफनीखालून कॅनव्हासचे बूट दिसत. इतका भिकार बोलपट मी पाहिला नाही, आणि इतक्या वेळा दुसरा कुठला पाहिलाही नाही. सारा गाव त्या बुटांसाठी पुन्हा पुन्हा गेला. भूत आले की लोक "बूट! बूट!" म्हणून शिट्ट्या घालत. बापूंना फक्त आमची हसरी तोंडे दिसत, आणि त्यांचा संशय बळावला: भुताला पाहून माणसे हसतात, तेव्हा तंबूवाला त्यांना काहीतरी चारतो आहे. मध्यंतरात त्यांनी शेंगदाणेवाल्याच्या टोपलीत कोपरापर्यंत हात घातला. शेंगदाणेच निघाले. बापू म्हणाले, आज शेंगदाणेच आहेत.

आणखी एका बोलपटात विहिरीतून बाई वर येते. ती येताच शेठजी उठून बाहेर गेले. सकाळी बापू त्यांच्या विहिरीवर हजर. दोर सोडून, गळ टाकून, दुपारपर्यंत शोध केला तेव्हा एक जुनी कळशी निघाली. शेठजी म्हणाले, हरवलेली कळशी मिळाली, उपकार झाले. बापू घरी येताना मला म्हणाले, कळशी हरवलेला माणूस इतका खूश होतो का?

मंडळी, इथवर हसणे ठीक आहे. पण या माणसाला एक मुलगी होती, येसू. ती उपवर झाली, आणि बापूंनी स्थळांमध्येही हात खुपसायला सुरुवात केली. एक मुलगा कमी जेवला, म्हणजे आमच्या घरच्या अन्नावर त्याचा विश्वास नाही. दुसरा पोटभर जेवला, म्हणजे घरी उपाशी आहे. तिसऱ्याने बापूंच्या बैलांची स्तुती केली ती दात न बघता. येसूच्या बरोबरीच्या मुलींची पोरे रांगू लागली. पोर पाहायला पाहुणे आले की ती चहाचे कप ठेवून थेट गोठ्यात जाऊन बसे, कारण उत्तर तिला आधीच माहीत असे. पुढेपुढे पाहुणे यायचेच कमी झाले. "शहाद्याचा मुकादम? नको रे बाबा," असे पार प्रकाशा गावापर्यंत लोक म्हणू लागले.

त्याच प्रकाशाहून काशिनाथचे स्थळ आले. तापीकाठची काळी जमीन, मुलगा सातवीची फायनल पास, बोलायला मऊ. येसूने दाराआडून पाहिले आणि या वेळी ती गोठ्यात गेली नाही, हे मी स्वतः पाहिले. बापूंनी दोन दिवस पाहुण्याला न्याहाळले आणि त्यांना काहीच खोट सापडेना. यासारखा मोठा पुरावा कुठला? ते अस्वस्थ झाले. नकार द्यायच्या बेतात होते, तेव्हा आजवर कधी न बोललेल्या सीताकाकू, म्हणजे बापूंच्या पत्नी, चुलीपाशी बसून म्हणाल्या, "पोर काय कपाशी शे? दर साल नवी येई?"

 बापू म्हणाले, शेवटची परीक्षा तंबूत. काकूंनी तेवढ्यावर सोडले नाही. "मंग आज व्हय म्हना नहीतर नही म्हना, पन लोकेसना समोर म्हना." आमच्याकडे बापाने लोकांसमोर "पोर दिनी", म्हणजे मुलगी दिली, म्हटले की विषय संपला. सुपारी नंतर फुटते. शब्द मागे घेता येत नाही. बापूंनी कबूल केले. आदल्या संध्याकाळी तंबूत नवा बोलपट लागला होता. बापू तेव्हा जीनच्या कामाने प्रकाशाकडे गेले असताना काकू बायकांच्या बाजूला बसून तो पाहून आल्या होत्या आणि भुताच्या बोलपटाहून हसत घरी परतल्या होत्या. बापूंनी हयातीत सगळ्या जगावर संशय घेतला. बायकोवर घ्यायचे मात्र त्यांच्या कधी ध्यानात आले नाही. आता ते नाहीत, काकूही नाहीत, म्हणून सांगायला हरकत नाही: संध्याकाळी काकूंनी मला हळूच सांगितले की, भाऊ, ह्यांचे खोके आज पडद्याला अगदी चिकटवून ठेवा, त्या आवाजाच्या पेटीजवळ, मधे बसले की तोंडांवरचा उजेड अडतो. मी आज्ञाधारक माणूस. ठेवले.

खेळ सुरू झाला. पहिल्या रांगेच्याही पुढे सरकवून बसवलेला काशिनाथ, त्याच्यासमोर हातभर अंतरावर बापू, पापणी न हलवता. कनातीपलीकडे काकू आणि येसू. पडद्यावर एक बुडून मेलेला नवरदेव कुठल्याशा जमीनदाराच्या घराभोवती फिरत होता. माणसे दचकत होती, बायका देवाचे नाव घेत होत्या, आणि काशिनाथ मांडी घालून स्वस्थ. बापूंच्या कपाळावर आठ्या चढल्या. पुढे वाकून त्यांनी विचारले की तू घाबरत का नाहीस. काशिनाथ अदबीने म्हणाला, "मामा, तुम्हना डोया मन्हावर शेतस. भूतले घाबराले फुरसतच नही." लोक हसले. बापूंना हेही संशयास्पद वाटले. हजरजबाबी माणूस!

तेवढ्यात नवरदेव विहिरीतून वर आला आणि त्याचा ओला, पांढरा चेहरा वाढत वाढत सगळा पडदा भरून गेला. काशिनाथचे डोळे पहिल्यांदा बापूंच्या खांद्यावरून वर गेले आणि मोठे झाले.

"मामा," तो म्हणाला, "जरा मांगे देखा."

"मले फसाडस?" बापू म्हणाले. वळले मात्र नाहीत. पण मानेवर पडलेला तो उजेड, समोर ताठलेली शंभर तोंडे, हे सगळे त्यांनी रोज वाचले होते आणि आज ते स्वतःवरच आल्यासारखे वाटले असावे. ते हळूहळू वळले. दोन पुरुष उंचीचा तो चेहरा त्यांच्या नाकाशी होता. आवाजाच्या पेटीतून, त्यांच्या कानातच, भूत गरजले, "ला, तेरी बेटी मुझे दे!"

आणि रीळ तुटले. मिट्ट काळोख. खोके कलंडल्याचा आवाज झाला. पडणाऱ्या बापूंना सावरायला काशिनाथने चाचपडत त्यांचे मनगट धरले. त्याचा हात थंडीने गार होता. तंबूत श्वासही ऐकू येत नव्हता. त्या शांततेत सगळ्या शहाद्याने बापूंचा शब्द ऐकला:

"दिनी रे बाबा, दिनी! मन्ही पोर तुलेच दिनी! पन पहिले कोनीतरी दिवा लावा!"