पारडीच्या वाट्याचं दूध

अजूनही कुणी माझा दंड चाचपून म्हणतं, "आबा, काय शरीर असंल हो तुमचं त्या वक्ताला!" आणि मी विषय बदलतो. लोकांना वाटतं म्हातारा लाजतो. लाजतोच मी. पण ते शरीर कशावर पोसलं होतं ते त्यांना ठाऊक नाही, मला आहे.

एकोणीसशे तीसनंतरची दोन-चार वर्षं. मी अठरा-एकोणीसचा असेन. कन्हेरीला आमचं कालव्याच्या पाण्यावरचं थोडं रान होतं, त्यात वांगी, मिरची, मेथी. वडील मी लहान असतानाच गेलेले. घरात आई, मी आणि धाकटी बहीण. बहिणीचं लग्न इंदापूरला झालं होतं, पण अजून नांदायला गेली नव्हती. त्याच साली आमची म्हैस व्याली आणि पारडी झाली. काळीभोर, कपाळावर पांढरी चांदणी. आईनं त्याच दिवशी इंदापूरला सांगावा धाडला, की पोरीबरोबर ही पारडी देईन. दुसरं काही द्यायला आमच्याकडे नव्हतंच.

मला तेव्हा तालमीचं वेड. वेड म्हणजे वेडच. तांबडं फुटायच्या आत कन्हेरीहून बारामतीपर्यंत पळत जायचं, तालमीत दोनशे जोर, पाचशे बैठका, मग हौद्यातली तांबडी माती खणायची, लढत घ्यायची आणि परत पळत घरी. आरशात बघायला वस्तादांची बंदी होती, म्हणून मी विहिरीच्या पाण्यात वाकून छाती बघायचो. एकदा तोल जाऊन पडलोही. तसलं सोंग होतं मी!

खुराकाबद्दल वस्तादांचं एक ठाम मत होतं. "दूध भांड्यात पडलं की निम्मं बळ गेलं. सडाखाली तोंड धरून धार घ्यायची. आन् शेवटची धार सोडायची न्हाय. सारं लोणी तितंच असतंय." वस्तादांचा शब्द म्हणजे आम्हाला देवाचा शब्द.

आई सकाळी भाजीची पाटी घेऊन बारामतीच्या बाजाराला जायची, तेव्हा सकाळची धार माझ्याकडे. तिनं बजावलं होतं, "तीन सड आपलं, चौथा पारडीचा. त्याला हात लावायचा न्हाय. तुझ्या भनीची पारडी हाय ती, ध्यानात ठिव." दोन सडांचं दूध घरच्या चरवीत, तिसऱ्याचं माझ्या तोंडात. पण शेवटची धार होती चौथ्या सडात.

पहिल्या दिवशी म्हटलं, आजच्या दिवस. दुसऱ्या दिवशीही तेच म्हटलं. पुढं म्हणायचंही सोडून दिलं. पान्हा फुटेपर्यंत पारडीला दोन चोखे घेऊ द्यायचे, मग ओढून खुंट्याला बांधायची आणि स्वतः म्हशीखाली बसायचं. ती बिचारी मान लांब करून माझ्या हनुवटीवरचा फेस चाटायला बघायची. मी तिला कोपरानं ढकलायचो.

महिन्याभरात माझ्या मांड्या भरल्या. वस्तादांनी सगळ्यांपुढं माझ्या मांडीवर थाप मारली आणि म्हणाले, "ह्याला म्हनत्यात खुराक!" मी फुगलो. इकडं पारडीच्या बरगड्या मोजता यायला लागल्या. आई संध्याकाळी पूर्ण सड तिला सोडायची आणि डोक्याला हात लावायची. "पोटभर पिती, मग अंगाला का लागत न्हाय गं बाई हिच्या?" मी तिथंच बसून बैठकांनी दुखणाऱ्या पायांना तेल चोळत असायचो. पारडीला हगवण लागली आणि चार दिवसांत ती गेली.

आता खरी लाजेची गोष्ट पुढं आहे. आमच्या बांधापलीकडे एक विधवा बाई राहायची, तिला आम्ही मावशी म्हणायचो. पारडी झाली त्या दिवशी ती ताक न्यायला आली होती आणि म्हणाली होती, "काय देखणी पारडी गं! कपाळावर चांदनी!" एवढंच. आईला ते आठवलं. ती तरातरा बांधावर गेली आणि ओरडली, "तुझी नजर लागली माझ्या पारडीला! पुन्यांदा माझ्या दारात पाऊल टाकू नगंस!" मावशी हातातलं खुरपं टाकून उभी राहिली. "न्हाय गं माझे बाई, मी कशाला वंगाळ बघू?" एवढंच म्हणत राहिली. मी चरवी धरून आईच्या मागं उभा होतो. एक शब्द बोललो असतो तर पुरे होता. दोनशे जोर काढणारा गडी, पण तोंड उघडायचं बळ नव्हतं माझ्यात.

पारडी गेल्यावर म्हैस दूध चोरायला लागली. मग गावातल्या एकानं पारडीच्या कातड्यात पेंढा भरून दिला. चार काठ्यांवर ती पारडी म्हशीपुढं उभी केली की म्हैस हुंगायची, कपाळावरची ती चांदणी चाटायची आणि पान्हा सोडायची. आणि मी खाली बसून प्यायचो. होय, प्यायचो. आता तर चारही सड आपलेच होते. थू माझ्या जिंदगानीवर!

बहीण पारडीवाचून नांदायला गेली. तिची सासू येईल त्याला सांगायची, "पारडी देतो म्हनली हुती हिची आई. कुठं हाय पारडी?" हे आमच्या कानावर यायचं. आई बांधापलीकडे बघून बोटं मोडायची.

दोन वर्षांनी इंदापूरच्या जत्रेत माझी कुस्ती लागली. पट काढून गडी चीत केला, लोकांनी मला खांद्यावर घेतलं, डोक्याला फेटा बांधला. तसाच मिरवत बहिणीच्या घरी गेलो. सासू देवळात गेली होती. बहिणीची पोरगी रांगत होती. बहिणीनं शेजारून मागून आणलेलं वाटीभर दूध माझ्यापुढं ठेवलं आणि म्हणाली, "अर्धंच पी दादा. अर्धं पोरीला ठिव."

माझा हात वाटीवरच राहिला. मी विचारलं, "तुला ठावं हुतं?"

"गोठ्याच्या कुडाला फट हुती. रोज बघायची मी."

"मग आईला का सांगितलं न्हाईस?"

"तिनं तुझी तालीम बंद केली असती. वस्तादांनी पाठ थोपटली की आई चार घरी सांगत फिरायची. बाप गेल्यापास्नं तिला तेवढंच हुतं." मग पोरीला मांडीवर घेत तिनं विचारलं, "मावशीला तरी सांगितलंस का रं?"

मी नाही म्हणून मान हलवली. वाटी तशीच पोरीकडे सरकवली. "जाऊन सांगतो, आजच सांगतो," म्हणालो.

मोटारीतून बारामतीला उतरलो आणि तिथनं चालत कन्हेरीची वाट धरली. सगळ्या वाटेनं शब्द जुळवत होतो: मावशी, पारडी मी मारली, तुमी न्हाय. दिवस मावळायच्या आत बांधावर पोचलो. मावशी गवत कापत होती. माझा फेटा दिसला तशी ती झटकन पाठ फिरवून उभी राहिली आणि पदर डोळ्यांवर ओढला.

"जिंकलास व्हय रं बाबा?"

"व्हय मावशी."

"लई ब्येस झालं. जा घरला, मी बघत न्हाय हं तुज्याकडं. न्हायतर माझी नजर लागायची." आणि तशीच पाठमोरी उभी राहून तिनं दोन्ही हात कानशिलांवर नेऊन कडाकडा बोटं मोडली. माझी दृष्ट काढली तिनं.

मी फेटा सावरला आणि घरी गेलो.