शनिवारी मतदान, रविवारी फूटी

त्या वर्षी बायको तिच्या आईच्या आजारपणासाठी नगरला गेली होती आणि मुलगी युनिव्हर्सिटीजवळ मैत्रिणींबरोबर राहत होती. इकडे परदेशात, क्रेगीबर्नच्या घरात मी एकटाच. आम्ही नगरकडचे ख्रिस्ती. माझे आजोबा सायकलवरून गावोगाव सुवार्ता सांगत फिरायचे. मी इथे शिकायला आलो तेव्हा ज्या चर्चने मला पहिल्या आठवड्यात जेवू घातलं, त्याच चर्चमध्ये मी अजून जातो. मराठी बोलणारं तिथे दुसरं कोणी नाही. मराठी मंडळात गेलो तर लोक आडनाव ऐकून आपुलकीनं गाव विचारतात आणि मी ख्रिस्ती आहे म्हटल्यावर जरा जपून बोलायला लागतात.

निवडणूक आली तेव्हा चर्चच्या पाळकांनी एका उमेदवारासाठी पत्रकं वाटायला माणसं मागितली. श्रद्धेचं स्वातंत्र्य, कुटुंब हे त्याचे मुद्दे मला पटत होते, म्हणून मी हो म्हणालो. शनिवारी सकाळी मतदान असलेल्या शाळेच्या फाटकाशी पोचलो, तर समोर दुसऱ्याच उमेदवाराचा टी-शर्ट घालून माझी मुलगी उभी.

"तू इथे?"

"सांगितलं होतं ना फोनवर, डॅड."

सांगितलंही असेल. आमच्या मधून मतदार जात होते. एक कागद माझ्याकडून घेत, एक तिच्याकडून. कुणालाच आम्ही बापलेक वाटलो नसू. दुपारी ती शाळेच्या स्टॉलवरून माझ्यासाठी पावातलं सॉसेज घेऊन आली, वर मला आवडतो तसा भरपूर कांदा घालून.

खाता खाता मी विचारलं, "तुमची उमेदवार बाई येईल त्या निर्वासिताला देशात घ्या म्हणते. ते तुला पटतं?"

"परक्याला घरात घ्या, हे मला तूच शिकवलंस. संडे स्कूलमध्ये." ती हे चिडून म्हणाली नाही. तेवढ्यात लोक आले आणि ती तिच्या बाजूला गेली.

दुसऱ्या दिवशी उपासनेला गेलो. रात्रीच निकाल लागून आमचा उमेदवार पडला होता. माझ्या मुलीला त्या टी-शर्टात शाळेपाशी चर्चमधल्या बऱ्याच जणांनी पाहिलं होतं. प्रार्थनेच्या वेळी एक म्हाताऱ्या बाई उठल्या. माझ्या मुलीला त्यांनी लहानपणी मांडीवर खेळवलं होतं. वाट चुकलेल्या तरुणांसाठी त्या प्रार्थना करू लागल्या आणि मधेच त्यांनी माझ्या मुलीचं नाव घेतलं. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. सगळे आमेन म्हणाले. मी डोळे उघडले. शेजारच्या माणसानं माझ्या खांद्यावर हात ठेवला, घरात कोणी गेल्यावर ठेवतात तसा. गाणं सुरू झालं तेव्हा मी उठून बाहेर आलो.

घरी जावंसं वाटेना. मुलगी युनीच्या मुलींच्या फूटी, म्हणजे इथल्या फुटबॉलच्या, संघात खेळते. मॅच रविवारी, त्यामुळे मी कधी गेलो नव्हतो. गाडी तिकडे वळवली. मैदानावर बोचरा वारा होता आणि कडेला मोजकेच लोक. मला त्या खेळातलं फारसं कळत नाही. लांबट चेंडूमागे सगळ्या धावतात आणि जिच्या हातात तो येतो तिला दुसऱ्या खाली पाडतात, एवढंच दिसत होतं. माझी मुलगी दोनदा पडली. मी ओठातल्या ओठात मराठीत प्रार्थना करत होतो, तिचा गुडघा सांभाळ म्हणून. त्या दिवसातली माझी खरी प्रार्थना तेवढीच.

शेवटच्या डावाआधी मुलींना संत्र्याच्या फोडी वाटत होते. तिनं मला पाहिलं आणि तिकडूनच एक फोड घेऊन आली.

"चर्च नव्हतं आज?"

"होतं. मधूनच आलो."

"आर यू ओके?"

"हो. तू खेळ."

प्रार्थनेचं मी सांगितलं नाही. मॅच संपल्यावर संघाबरोबर ती जेवायला चालली होती. मलाही चल म्हणाली, पण मैत्रिणी तिची वाट बघत होत्या. मी नको म्हणालो.

घरी येऊन बायकोला फोन केला. तिला सगळं सांगितलं.

"तू त्या बाईंना काही बोलला नाहीस ना?"

"नाही."

"बरं केलंस. आणि चर्च सोडू नकोस."

चर्च मी सोडलं नाही. बुधवारी पाळकांचा फोन आला, तब्येत बरी आहे ना म्हणून. मी बरी आहे म्हणालो. मॅच उशिरा असली की हल्ली उपासना संपवून तिकडे जातो. चर्चमध्ये कुणी विचारत नाही मी घाईनं कुठे निघतो, आणि मैदानावर मी कुठून आलो हे कुणाला ठाऊक नसतं. मुलगी लांबून हात करते. मी कुंपणाला टेकून उभा राहतो आणि जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढून घेतो.