अण्णा नावाचं इंजिन

माझा नवरा गाड्यांचे आवाज बनवायचा. असं सांगितलं की समोरचा हमखास विचारतो, "म्हणजे हॉर्न?" आणि माझं डोकं फिरतं. अहो, हॉर्नला कशाला माणूस लागतो? बेंगळुरूत तर ते आपोआप वाजतात. सुहास इंजिनाचा आवाज बनवायचा. जमिनीला चिकटून पळणारी, जिची किंमत ऐकली की आपण गुपचूप विषय बदलतो, तसली पेट्रोलची स्पोर्ट्स कार असते ना, ती चालू झाल्यावर जी गुरगुरते ते गुरगुरणं काही आभाळातून पडत नाही. सायलेन्सरची नळी किती लांब ठेवायची, कुठे वाकवायची, आत भोकं किती पाडायची, यावर माणसं वर्षानुवर्षं डोकेफोड करतात. त्यातला एक माझ्या नशिबी आला.

कंपनी परदेशातली, तिची प्रयोगशाळा महादेवपुऱ्यात आणि आमचं घर जे. पी. नगरात. म्हणजे गावाचं एक टोक आणि दुसरं टोक. मी इथलीच. माझे बाबा सरकारी कारखान्यातल्या नोकरीसाठी आले आणि इथलेच झाले. सुहास पुण्याचा. लग्नाला वीस वर्षं होऊन गेली, तरी भाजीवाल्याशी 'स्वल्प कमी करा' एवढंच त्याचं कन्नड. "तिकडे घर घेऊ" म्हटलं तर म्हणायचा, "नको गं, ट्रॅफिकमध्ये मला ऐकायला बरं मिळतं." घ्या! सगळं गाव ट्रॅफिकला शिव्या घालतं आणि हा काच खाली करून शेजारच्या टेम्पोचं दुखणं ओळखत बसतो. घरातही तेच. मी चटणी वाटायला घेतली की आतून ओरडायचा, "नयना, मिक्सर खोकतोय!" मी म्हणायची, "खोकू दे. चटणी झाली की काढा दे त्याला."

त्याच्या आयुष्यातलं शेवटचं मोठं काम म्हणजे अण्णा. अण्णा हे आठ सिलिंडरचं इंजिन होतं. नाव ठेवलं जयतीर्थनं. जयतीर्थ म्हणजे सुहासचा प्रयोगशाळेतला जोडीदार, धारवाडचा, त्यामुळे मराठी आपल्यासारखंच बोलतो, फक्त हेल निराळा. त्या इंजिनापुढे सगळे आपले हात बांधून उभे, म्हणून ते अण्णा. मग काय, "आज अण्णा उठले नाहीत", "अण्णांना सर्दी झाली", असले निरोप आमच्या जेवणाच्या टेबलापर्यंत यायचे. एकदा मला ऐकायला नेलं होतं. मला गाड्यांचं काडीचं प्रेम नाही, खरं सांगते. पण अण्णा सुरू झाले, आधी घसा खाकरल्यासारखे आणि मग असे खर्जात लागले, की मला चक्क हसू फुटलं. सुहास इंजिनाकडे बघतच नव्हता. माझ्या तोंडाकडे बघत होता. "झालं माझं काम," म्हणाला.

अण्णा ज्या गाडीत बसणार होते ती रस्त्यावर आलीच नाही. तिकडे वरच्यांनी ठरवलं की यापुढे सगळं विजेवर. पेट्रोलची नवी स्पोर्ट्स कार काढायची नाही, चालू असलेलं काम जिथल्या तिथे बंद. विजेच्या गाडीला ना सायलेन्सर, ना धूर, ना आवाज. सुहासला नोकरीवरून काढलं नाही हं, उलट बॅटरीच्या प्रशिक्षणाला बसवलं. पन्नाशी उलटलेला माणूस पोराटोरांच्या वर्गात मागच्या बाकावर. त्याच्या आवाजाच्या खोलीत, जिथे भिंतींना जाडजूड फोम लावलाय, तिथे जादाच्या खुर्च्या रचल्या.

आणि मी भांडू कुणाशी? चूक कुणाची? सिल्क बोर्डच्या चौकात उभं राहून ज्यानं धूर खाल्लाय तो पेट्रोलची बाजू घेईल काय? मी स्वतः विजेची स्कूटर चालवते. नव्या विजेच्या गाडीच्या कामाची प्रमुख प्रणिता, मुंबईहून आलेली, इतकी गुणी पोर की तिच्यावर चिडायचीही सोय नाही. सुहासला 'सर' म्हणते, त्याचं मत विचारते, त्याच्या बायकोच्या गुडघ्यांची चौकशी करते. अशा माणसांपुढे काय बोंब मारणार!

सुहासनं एकच गोष्ट मागितली. कंपनीचा नियम असा की चाचणीची इंजिनं बाहेर जाता कामा नयेत, काम संपलं की त्यांचे तुकडे करायचे. तो म्हणाला, सगळी कापा, पण अण्णांना पुढच्या दालनात काचेच्या पेटीत ठेवा, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसू देत. पगारवाढीसाठी ज्यानं कधी तोंड उघडलं नाही तो माणूस यासाठी वर्षभर वरच्यांच्या पाया पडत होता. पडत होता म्हणजे काय, ज्याला त्याला सांगत सुटला होता. शेवटी प्रणितानंच शब्द टाकला आणि होकार आला: दसऱ्यानंतर अण्णा दालनात जातील, मात्र दिसायला धडधाकट हवेत. त्या दिवशी सुहास म्हैसूर पाक घेऊन आला. मधुमेह आहे त्याला. तरी मीच डबा उघडून दिला.

आपल्याकडे खंडेनवमी म्हणतात, इथे आयुधपूजा. त्या दिवशी बेंगळुरूत रिक्षापासून कारखान्यापर्यंत जे जे फिरतं त्याला हार पडतो, चाकाखाली लिंबं ठेवून गाडी त्यावरून नेतात आणि कुंकू भरलेला कोहळा फोडतात. सुहासच्या प्रयोगशाळेत याला आणखी एक जोड होती. आरती झाली की शंखाच्या जागी गाडीची गर्जना. सुहास गाडीत बसायचा आणि गिअर न टाकता पाय दाबून तीनदा इंजिन गरजवायचा. टाळ्या, शिट्ट्या, मग चुरमुरे आणि बत्तासे. घरच्यांनाही बोलावतात. मी दरवर्षी जाते, कान झाकून उभी राहते.

यंदा पूजेला नवी विजेची गाडी होती, राखाडी रंगाची, झेंडूच्या माळा घातलेली. अण्णांचं तेल-पेट्रोल काढून टाकलेलं, पुसून लख्ख केलेले, चाकांच्या लोखंडी घोडीवर बसवलेले. ते एका कडेला होते. सुहास म्हणाला, "कडेला कशाला? समोर हवेत. थोरले आहेत, धाकटीला आशीर्वाद देतील." आणि त्यानं स्वतः ती घोडी ढकलत नेऊन गाडीच्या नाकासमोर उभी केली. अण्णांना कुंकू लावलं, शेवंतीचा हार घातला. जयतीर्थ माझ्या कानात म्हणाला, "वहिनी, लग्नात उभे राहिल्यासारखे दिसतात की!"

प्रणिता साडी नेसून आली होती. तिनं सुहासचा हात धरून त्याला गाडीजवळ आणलं. "सर, लिंबाचा मान तुमचाच." सुहास बसला. गाडी हातभर पुढे आली, लिंबं चिरडली, गाडी थांबली. ही गाडी अशी की थांबल्यावर ब्रेकवरचा पाय काढला तरी जागची हलत नाही, आपली आपण धरून राहते. गिअर तसाच पडलेला, आवाज शून्य. सुहास आतच बसून राहिला, बाहेर आरती झाली, कापूर फिरला. आणि मागून कुणीतरी, नेहमीच्या सवयीनं, थट्टेत ओरडलं, "सर, गर्जना!"

इतक्या वर्षांत त्याच्या पायाला एकच गोष्ट ठाऊक होती. आरती संपली की दाबायचं. आणि त्याच्या कानाला एकच गोष्ट ठाऊक होती. आवाज नाही म्हणजे गाडी बंद. डोळ्यासमोर काचेवर काय काय दिवे लागलेले असतील, पण हा माणूस गाडीकडे डोळ्यांनी बघतो कधी?

त्यानं पाय दाबला.

गाडीनं झेप घेतली. अण्णांच्या घोडीला धडकली, घोडी भिंतीवर आपटली आणि अण्णा उलथून खाली काँक्रीटवर पडले. केवढा आवाज झाला म्हणून सांगू! त्या दिवसाची गर्जना तेवढीच. देवाची कृपा, माणसं सगळी दोन बाजूंना होती, कुणाला खरचटलंही नाही. पण अण्णांचं अंग मधोमध तडकलं होतं, आणि भेगेतून आत राहिलेलं थोडंसं तेल बाहेर येत होतं, शेवंतीच्या पाकळ्यांवर.

मी दार उघडलं. सुहास दोन्ही हातांनी चाक धरून बसला होता. माझ्याकडे बघून त्यानं विचारलं, "नयना, चालू होती का गं?"

"चालू होती रे," म्हटलं. तो मान हलवत राहिला.

त्याला कुणी बोललं नाही. बोलले असते तर मी तरी भांडले असते, पदर खोचून! प्रणिता म्हणाली, "सर, कोणालाही झालं असतं." चौकशी झाली, तीही हळुवार. दालनाचा होकार मात्र गेला, कारण तडकलेलं इंजिन कोण मांडतं? अण्णा तुकडे करायच्या यादीत. जयतीर्थ घरी आला, चहा घेतला आणि हळूच म्हणाला, "सर, एक स्पार्क प्लग प्रसादाच्या डब्यातून काढतो. फाटकावर डबा कोण उघडतं?" सुहास म्हणाला, "नको. अण्णांनी चोरून घरी यायचं?" जयतीर्थच्या डोळ्यांत पाणी आलं. "एन माडोदु सर, काय करायचं मग," असं तो दोनदा म्हणाला आणि चपला घालून गेला.

कापायच्या दिवशी सुहास तिथे उभा राहिला. मी म्हटलं होतं, रजा टाक. म्हणाला, "घरचं माणूस नको का कुणी?" परत आला तो थेट आंघोळीला गेला. मी दाराबाहेर उभी होते. नळ धो धो वाहत होता आणि आतून दुसरा काही आवाज येतो का म्हणून मी, मी, कान लावून ऐकत होते.

मग कंपनीनं ठरवलं की असं पुन्हा व्हायला नको. गाडी चालू आहे हे उभ्या गाडीतही कळलं पाहिजे, तेव्हा तिला स्पीकरमधून एक बारीक आवाज द्यायचा. काम कुणाला? आमच्या सुहासला. खुर्च्या बाहेर निघाल्या, आवाजाची खोली उघडली. मला वाटलं, चला, देव अगदीच बहिरा नाही. त्यानं साठवलेल्या आवाजांतून अण्णांचं उभ्या उभ्या गुरगुरणं काढलं, धुऊन-पुसून, अगदी हलकं करून तिकडे पाठवलं. उत्तर दोन ओळींचं आलं. काम उत्तम आहे, पण इंजिनासारखं नको. लोकांना जुनी गाडी वाटेल.

त्यानं दुसरा बनवला. स्वच्छ, गुळगुळीत, फ्रिज आणि तंबोरा यांच्या मधलं काहीतरी. तो त्यांना फार आवडला.

परवा दुपारी मी डाळ निवडत बसले होते. तो लॅपटॉप घेऊन शेजारी बसला. "ऐक," म्हणाला, आणि तो आवाज लावला. माझ्या तोंडाकडे बघत राहिला, पूर्वी बघायचा तसाच.

"यावरून कळतं का गं, गाडी चालू आहे म्हणून?"

"कळतं की," मी म्हटलं. खरंच कळत होतं.

त्यानं पुन्हा लावला, मान तिरकी करून ऐकला. "मला नाही कळत," तो म्हणाला.