घरचं मानूस कोण हाय?

दगडूमास्तरांचा बँड लग्नघरी पोचला की पोरं ढोल गळ्यात अडकवून तयार असायची, वऱ्हाड ताटकळलेलं असायचं, नवरदेव घामानं डबडबलेला असायचा. पण मास्तर काही क्लारनेट ओठाला लावायचे नाहीत. मांडवाच्या तोंडाशी उभे राहून ते एकच विचारायचे, "घरचं मानूस कोण हाय?" मग घरातली कुणी बाई ताट घेऊन बाहेर यायची, क्लारनेटला कुंकवाचं बोट लावायची, मास्तरांच्या हातात नारळ द्यायची आणि म्हणायची, "वाजवा." त्यानंतर वाजायचं. एकदा वडवणीतल्या एका पुढाऱ्याकडं लग्न होतं. कार्यकर्ता अंगावर धावून आला, "पैसे मोजलेत ना बे, वाजव की!" मास्तर जागचे हलले नाहीत. म्हणाले, "पैसे तू दिलेस. दार तुझं न्हाई." घरातली म्हातारी ताट घेऊन येईपर्यंत वरात तशीच उन्हात उभी राहिली.

माणूस ठेंगणा, काळासावळा, नेकनूरचा. तांबडा डगला आणि त्यावर सोनेरी दोरे, तो स्वतः इस्त्री करायचा. बायकोलाही हात लावू द्यायचा नाही. राग नाकावर. ढोलवाल्या पोराचा ताल चुकला तर भर वरातीत मागं वळून "मेलास का बे?" म्हणून ओरडायचा. चहा अर्धा कपच घ्यायचा, "जास्तीनं सूर बसतो" म्हणायचा; खरं तर दुसऱ्यांदा कुणी विचारावं म्हणून थांबलेला असायचा. पावती नाही, करारनामा नाही. कुणी लेखी मागितलं तर चिडायचा. "माझा धंदा बोलीवर हाय. तुमी बोलायचं, मी यायचं. कागद कशाला काळा करता?"

मी वडवणीच्या एका पतसंस्थेत वसुली अधिकारी होतो. अधिकारी कसला, जीपमधून हिंडून लोकांची दारं वाजवणारा कारकून. पण पाटीवर तसं लिहिलेलं होतं, आणि मलाही ते वाचायला बरं वाटायचं. आता सगळं सांगायचंच आहे तर हेही लपवत नाही.

त्या वर्षी सलग दुसऱ्यांदा पाऊस गेला. गावोगाव टँकर, गुरं छावणीत. लग्नं झाली तीही चार माणसांत, हारावर. मास्तरांचे ढोल पोत्यात बांधून माळ्यावर गेले. इकडं आमच्या संस्थेत भरणा थांबला आणि ठेवीदार मात्र सकाळपासून दारात. तेव्हा चेअरमननी कुठूनशी एक कल्पना आणली. थकबाकीदाराच्या दारात बँड लावायचा, माइकवर नाव पुकारायचं. "लाजंनं भरतेत लोक," ते म्हणाले. यादीत पहिलं नाव त्यांनीच घातलं, कौसाबाईचं. तिची रक्कम मोठी होती म्हणून नव्हे. तिची खानावळ बसस्टँडला लागून होती, येणाऱ्याजाणाऱ्या सगळ्यांना दिसणार होती, म्हणून.

कौसाबाईनं फ्रीजसाठी आणि टेबलांसाठी कर्ज काढलं होतं. नवरा पुण्याला वॉचमन. दुष्काळात पाणी पिंपानं विकत घ्यावं लागायचं, गिऱ्हाईक निम्मं झालं, हप्ते तुंबले. मी रोज दुपारी तिच्याकडंच जेवायचो. "साहेब, घ्या की ठेचा, लाजता काय," असं म्हणून ती वाढायची. हप्त्याचा विषय मी ताटावर काढायचो नाही आणि तीही काढायची नाही. ती बोलायची सुनंदाबद्दल, आपल्या लेकीबद्दल. पाटोद्याचा मुलगा बघून गेला होता, दवाखान्यात कंपाउंडर. पोरगी पसंत होती, आठ दिवसांत कळवतो म्हणाले होते. "तुमी मोठी मानसं, आशीर्वाद द्या," ती म्हणाली. मी तोंडात घास असताना दिला.

दगडूमास्तर वसुलीला येणार नाहीत हे मला पक्कं ठाऊक होतं. म्हणून नेकनूरला जाऊन मी त्यांना सांगितलं, कौसाबाईच्या पोरीचं जमलंय, दारात वाजवायचं आहे. इतकी खोटी गोष्ट इतक्या सहज तोंडातून गेली, की माझं मलाच नवल वाटलं. मास्तरांचा चेहरा उजळला. "दुष्काळात कुनाचं तरी जमलं म्हना!" असं म्हणून त्यांनी पोराला हाक मारली, माळ्यावरून ढोल काढायला लावले. मी पैसे दिले तर निम्मे परत केले. म्हणाले, "पानी इकत घेऊन खानावळ चालविते ती बाई. एवढ्यात भागंल."

आठवडी बाजाराचा दिवस होता. अकराच्या सुमारास बँड खानावळीपुढं उभा राहिला. मी थोडा मागं, जीपमध्ये, माइक मांडीवर घेऊन. मास्तरांनी नेहमीसारखं विचारलं, "घरचं मानूस कोण हाय?"

कौसाबाई पिठाच्या हातांनीच बाहेर आली. बँड बघून तिनं तोंडावर हात नेला, गालाला पीठ लागलं. "पाटोद्याहून आलात?" तिनं विचारलं. मास्तरांना पाटोद्याचं काय माहीत! पण पोरीचं जमलंय एवढं मी सांगितलेलं होतं. ते हसून म्हणाले, "आनंदाचं काम हाय, माय. ताट आना."

ती आत पळाली. अक्षरशः पळाली. ताट घेऊन आली, घाईत कुंकू क्लारनेटवर कमी आणि मास्तरांच्या डगल्यावर जास्त सांडलं. डगल्याला इतका जपणारा माणूस, पण झटकायलाही गेला नाही. तिनं नारळ दिला आणि म्हणाली, "वाजवा, मास्तर." दाराच्या फळीआड सुनंदा उभी होती, तिची फक्त बोटं दिसत होती. शेजारच्या बायका धावत आल्या, एकीनं चिमटीत साखर आणली होती.

बँड वाजू लागला. तरीही ते थांबवता आलं असतं. जीपचा ड्रायव्हर माझ्याकडं बघत होता. पण मला नोकरीत कायम करायची ऑर्डर चेअरमनच्या टेबलावर सहीला पडलेली होती. मी माइक चालू केला. कौसाबाईचं पूर्ण नाव, नवऱ्याचं नाव, थकलेले हप्ते, सगळं वाचून दाखवलं. साखर आणलेल्या बाईचा हात तसाच वर राहिला.

मास्तरांनी मधेच क्लारनेट खाली घेतलं. पोरं दोन ठोके जास्त वाजवून थांबली. मास्तर जीपजवळ आले. "साहेब, तुमी मला काय म्हनलं होतं?" मी म्हणालो, "मागून बोलू." त्यांनी डगल्याच्या आतून माझे पैसे काढले, बॉनेटवर ठेवले. नारळ मात्र काखेतच होता. "ह्यो लग्नाचा हाय," ते म्हणाले, "लग्नातच फुटंल." आणि बँड पायी निघून गेला. बाजारात पाटोद्याच्या मुलाचा मामा आला होता. चौथ्या दिवशी नकार आला.

एखादा माणूस इथं गप्प बसला असता. मास्तर बीडला गेले. एका वकिलाच्या लग्नात त्यांनी वाजवलं होतं, त्याच्या ओट्यावर दिवसभर बसून सगळं समजून घेतलं आणि मग आमच्या काउंटरवर आले. ठेवीदारांची गर्दी होती. मास्तर म्हणजे मोकळ्या रस्त्यावर बोलायची सवय, आवाज पार चेअरमनच्या केबिनपर्यंत गेला. "पैसे बुडवा असं मी म्हनत न्हाई. मागा. मागायला कायदा हाय. नोटीस हाय, सुनावनी हाय, एकशेएक कलमाचा वसुली दाखला हाय, त्याच्यावर जप्ती हाय. सगळं वकिलाला इचारलं मी. चारचौघांत बेअब्रू करायची, पाव्हन्यारावळ्यांत सांगायचं, दमदाटी करायची, हे कुटंच न्हाई. अन् ब्यांड तर कुटंच न्हाई!" मग माझ्याकडं बघून, जरा खालच्या आवाजात, "कर्ज घेतलं म्हनून दार तुमचं होत न्हाई, साहेब." आणि त्यांनी सहकार खात्यात, सहायक निबंधकांच्या कार्यालयात तक्रार टाकली. आयुष्यात पहिल्यांदाच कागद काळा केला.

सुनावणीच्या आदल्या दिवशी चेअरमननी मला आत बोलावलं. "बँड तू ठरवलास. खोटं सांगून आणला म्हनशील तर तुज्यावर येतंय, माज्यावर न्हाई. मास्तरला सगळं म्हाईत होतं, एवढंच म्हन." मी तेवढंच म्हणालो. निबंधक साहेबांसमोर, कौसाबाईसमोर, मास्तरांसमोर. 'वसुलीसाठीच वाजवायचं आहे याची त्यांना पूर्ण कल्पना होती.' वाक्यसुद्धा पाठ करून गेलो होतो.

"खोटं बोलतो बे! साफ खोटं!" मास्तर उठून उभे राहिले. साहेबांनी त्यांना बसवलं, शांतपणे विचारलं, "काही लेखी आहे का?" मास्तरांचा धंदाच बोलीवर. लेखी काय असणार?

कौसाबाई त्यांच्याकडं वळली. "म्हाईत होतं तर माझ्या हातचं कुंकू कावून घेतलंत, मास्तर?"

"न्हवतं म्हाईत, माय. क्लारनेटची आन."

"हे साहेब रोज माझ्या हातचं जेवतेत," ती माझ्याकडं हात करून म्हणाली. "ते कावून खोटं बोलतील?"

मी टेबलावरच्या पेपरवेटकडं बघत होतो. त्यात एक निळं फूल होतं.

निकाल मास्तरांच्या तक्रारीसारखाच लागला. संस्थेला लेखी ताकीद मिळाली, बँड कायमचा बंद. वसुली करायची तर कायद्याच्या वाटेनं करा, बाईला हप्ते पाडून द्या, असं साहेबांनी सांगितलं. यादीत कौसाबाईच्या खाली बरीच नावं होती. त्यातल्या एकाच्याही दारात मग जीप गेली नाही. ते सगळं मास्तरांमुळं झालं. पण वडवणीत बोललं गेलं ते वेगळंच. पैसे घेऊन बाईची अब्रू घालवली आणि मग अंगाशी आल्यावर उलटला. मास्तरांना आमच्या बाजूच्या सुपाऱ्या मिळेनाशा झाल्या. मला कायमची ऑर्डर मिळाली.

दोन वर्षांनी पाऊस बरा झाला आणि सुनंदाचं दुसरीकडं जमलं. कौसाबाईनं मला आमंत्रण दिलं; मी कामात होतो, तरी स्वतः ऑफिसात येऊन दिलं. मांडवात माझा मान केला. फेटा बांधला, पहिल्या पंगतीत पाट मांडला. वाढणं सुरू होतं तेवढ्यात मांडवाच्या दाराशी तांबडा डगला दिसला. मास्तर आले होते. कुणी बोलावलं नव्हतं, तरी सगळा बँड घेऊन, डगला इस्त्री करून, काखेत तो नारळ. दाराशी उभे राहून त्यांनी विचारलं, "घरचं मानूस कोण हाय?"

कौसाबाईनं त्यांना बघितलं आणि ती आत गेली. पुन्हा बाहेर आली ती वरणाचं भांडं घेऊन, आणि त्यांच्याकडं पाठ करून वाढायला लागली. मास्तर उभे राहिले. अक्षता पडून गेल्या होत्या, पंगत उठत आली, तरी उभे होते. क्लारनेट एकदाही वर केलं नाही. मग पोरांना खूण करून निघून गेले. मी जिलबी खाल्ली.

पुढं मी सांगणार होतो. दरवर्षी सांगणार होतो. रिटायर झाल्यावर सांगू, मग भीती कसली, असं ठरवलं होतं. रिटायर झालो, तरी रोज दुपारी तिथंच जेवत राहिलो. आणि एक दिवस ताटावर बसलेलो असताना शेजारचा कंडक्टर म्हणाला, "नेकनूरचा ब्यांडवाला गेला म्हनं, दगडूमास्तर. छातीत कळ आली." माझा हात ताटातच राहिला.

गिऱ्हाईक गेल्यावर कौसाबाईला सगळं सांगितलं. ती डाळ निवडत होती. निवडतच राहिली. मला वाटलं, ओरडेल, ताट उचलून फेकेल. ती म्हणाली, "सुनंदाच्या लग्नात मास्तर दारात उभा होता, तवा तुमी फेटा बांधून बसला होतात."

"हो."

"जेवत होतात."

"हो."

तिनं डाळीचं सूप खाली ठेवलं. "मी पाठ केली त्याला. भरल्या मांडवात पाठ केली, साहेब. आता ते कुटं फेडू?" मग पदरानं तोंड पुसून म्हणाली, "तेराव्याला चला. तितं सगळ्यांपुढं सांगा. माझं नाव मायकात घेतलं होतं न्हवं? तसंच मोठ्यानं."

नेकनूरला गेलो. पंगत बसायच्या आधी उभा राहिलो. माइक नव्हता, पण सगळं मोठ्यानं सांगितलं. जमलेलं लग्न, निम्मे परत केलेले पैसे, सुनावणीत मी काय बोललो ते. कुणी शिवी दिली असती तर बरं झालं असतं. मास्तरांची बायको खाली बघत बसली होती. कौसाबाईनं त्यांच्या पोराला, विलासला, क्लारनेट आणायला सांगितलं. त्यानं पेटी आणून उघडली. शेजारी तो नारळ होता, वाळून खडखडीत झालेला, हलवला की आत गोटा वाजत होता. कौसाबाईनं कमरेची पुडी सोडली, क्लारनेटला कुंकवाचं बोट लावलं. नारळ पदरात घेतला. "ह्यो मी नेते. सुनंदाच्या हातानं फोडीन," म्हणाली.

विलासनं पेटी मिटली. मग माझ्याकडं न बघताच बोलला, "त्या लग्नाहून आले तवा आमी इचारलं, वाजवलं कावून न्हाई. तर म्हनले, घरचं मानूस आलं न्हाई. गडबडीत असंल बिचारी, कुनीतरी जाऊन सांगायला पायजे होतं."

माझ्या पाटापासून ते मांडवाचं दार वीस पावलंही नव्हतं.