शेठजींची क्षमा आणि गिरणीचा पट्टा

पत्नी गेल्यापासून घरात बोलणं उरलेलं नाही. बोलायची तीच, मी वाचत बसायचो. तिच्या बोलण्यातला एक प्रसंग तेवढा लिहून ठेवतो.

तेव्हा मी वाशीमला एका वकिलांकडे कारकून होतो. आमच्या घरामागे एका जैन शेठजींची तेलगिरणी होती. तिथे शेंगा निवडायला पैनगंगेपलीकडून आलेली एक बाई असे. निजामाचं राज्य जाऊन काही वर्षं झाली होती, तरी आमच्याकडचे लोक त्या मुलखाला मोगलाईच म्हणत, आणि तिकडून आलेल्या माणसाला पाहुण्याइतकंच राहू देत. फक्त पाहुणचार नसे.

एकदा गिरणीच्या चाकावरून फिरणाऱ्या उघड्या पट्ट्यात त्या बाईचा पदर गेला. पदर फाटला म्हणून बाई वाचली. बाकीच्या बायका गप्प राहिल्या. तिने मात्र अकोल्याहून आलेल्या मजूर अधिकाऱ्यांना सांगितलं, पट्टा झाकायला हवा, आणि त्या साहेबांनी तो वाद नोंदवून घेतला. तेव्हापासून मुकादम रोज म्हणे, "बांध गाठोडं अन् जाय मोगलाईत."

ती रडत आमच्या ओट्यावर आली. मी कायद्याचं पुस्तक काढून तिला समजावलं की साहेबांपुढे वाद चालू आहे तोवर त्यांच्या परवानगीवाचून मालकाला तिला काढता येणार नाही. मग ती नदीच्या कुठल्याही काठची असो.

"आन् वाद मिटल्यावर?"

"मग सांगता येत नाही."

पत्नी आतून म्हणाली, "मंग मिटवू नको ना बाई. लोणच्यासारखा मुरू दे."

पुढे पर्युषण आलं. ते संपल्यावर उपासांनी उतरलेले शेठजी दरवर्षीप्रमाणे गिरणीत आले. दिवाणजीपासून हमालापर्यंत एकेकासमोर उभं राहून, हात जोडून त्यांनी कळत-नकळत दुखावल्याची क्षमा मागितली. त्या रांगेत ही बाईही होती. तिने असलं कधी पाहिलं नव्हतं. तिच्या गावात पंचांसमोर जो हात जोडी, तो हरलेला असे.

ती गुळाचा खडा घेऊन धावत आली. "तोंड गोड करा! मालक हारले. आता साहेबांना सांगते, माझं भांडण मिटलं."

मी घाईने म्हणालो, "अहो, ती त्यांची रीत आहे. त्यांनी माझीसुद्धा क्षमा मागितली."

"मग तुमचंबी भांडण होतं काय?"

दुसऱ्याच दिवशी साहेब आले. मी आणि पत्नी गिरणीत पोचेपर्यंत तिने सांगून टाकलं होतं, "मिटलं साहेब. मालकांनी हात जोडले."

मुकादम खुलला. "मिटलं ना? मंग उद्यापासून इचं काम बंद."

साहेबांनी शेठजींना विचारलं, "खरंच माफी मागितली?"

"मागितली. पण ते आमच्या धर्माचं. त्यात पट्टा नव्हता."

मी पुस्तकातलं पान शोधत होतो, तेवढ्यात पत्नी डोक्यावरचा पदर सारखा करत पुढे झाली. "शेठजी, कळत-नकळत म्हनले ना तुमी? मंग पट्टा कायच्यात धराचा, कळत का नकळत?"

हमाल हसले. मला जमिनीत जावंसं वाटलं.

"अन् काल माफी मांगून आज बाईले काहाडान, तं इतले उपास कायले केले?"

शेठजी खरोखरच श्रद्धाळू होते. त्यांनी पोटावरून हात फिरवला आणि मुकादमाला म्हणाले, "सुताराले बोलाव."

"अन् इचं?"

"ते राहीन कामावर. आता आजच पाप केलं, तं माफीसाठी वर्षभर थांबा लागते."

मग मला कंठ फुटला. वाद मिटला असं लिहायचंच असेल, तर तक्रार केल्याबद्दल बाईला काढणार नाही, हेही त्याच कागदावर यावं, असं मी म्हणालो. साहेबांनी ते लिहिलं. शेठजींनी सही केली, बाईने अंगठा उठवला. सुताराने पट्ट्याभोवती फळ्या ठोकल्या.

बाई कामावर टिकली. पुढच्या सुगीला तिने गावाकडून धाकट्या बहिणीलाही आणलं. मुकादमाने विचारलं, "हे पोरगी तरी गप राहीन ना?"

"राहील की. ती बोलतच नाही. तिला लिहिता येतं."

हे ऐकल्यावर मुकादमाचं तोंड कसं झालं, ते पत्नी आल्यागेल्याला करून दाखवी, आणि निम्म्यातच तिला हसू फुटे. मी परवा आरशासमोर ते करून पाहिलं. जमलं नाही.