बाजेखालून दिसणारा बाजार

मुलांच्या चित्रावर मी कधी हात फिरवला नाही. नोकरीत त्यापायी बोलणी बसली, बसू देत. आजही कुणी सांगितलं तरी फिरवणार नाही.

हात फिरवायचा म्हणजे काय, ते सांगते. तालुक्याला चित्रकलेची स्पर्धा व्हायची. चित्रं पाठवण्याआधी शिक्षकच ती गुपचूप नीट करून द्यायचे. वाकडी झोपडी सरळ व्हायची, गाईला पाचवा पाय असला तर तो जायचा, आणि खाली नाव मात्र पोराचं. आमच्या मुख्याध्यापकांच्या कपाटात या कामासाठी एक बारीक ब्रश जपून ठेवलेला होता. मुलांना तो कधी मिळाला नाही. मुलं दातणाच्या काडीचं टोक ठेचून रंगवायची, आणि झकास रंगवायची.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. मी शिरूरहून एसटीने तळेगावच्या बाजूच्या एका गावात जायची आणि चौथीला शिकवायची. त्या आठवड्यात मी मुलांना कोरड्या ब्रशचं काम दाखवलं. काडी रंगात बुडवायची, फडक्याला जवळजवळ पुसून टाकायची आणि कागदावरून हलकेच ओढायची. रंग तुटक उमटतो, धुळीसारखा दिसतो. मग म्हटलं, आपण जिथं बसतो तिथून आठवडी बाजार कसा दिसतो, तो काढा.

सगळ्यांनी टोमॅटोचे ढीग काढले, जीपगाड्या काढल्या. एका मुलीने फक्त पाय काढले. तिची आई बाजारात बांगड्या विकायची. माल बाजेवर मांडलेला असायचा आणि ही पोर बाजेखाली खोकी राखत बसायची. तिच्या कागदावर चपला होत्या, लुगड्यांचे काठ होते, एका शेळीचे खूर होते, आणि सगळ्यांच्या घोट्यापर्यंत कोरड्या ब्रशने उडवलेली धूळ होती. मला तशी धूळ आजही जमत नाही.

मुख्याध्यापकांनी चित्र हातात घेतलं. "बाई, ह्यात तोंडं कुठं हायत? आन् ही खालची घाण पुसून घ्या. कोण कुणाचं काय कळत न्हाई. जरा हात फिरवा." बारीक ब्रश त्यांनी माझ्या टेबलावर ठेवला.

पोर लगेच उठली. "मी काढते तोंडं, गुरुजी."

माझं डोकं फिरलं. तिच्यावर नाही. स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेलं एका शब्दासरशी पुसायला ती तयार झाली, त्याचा राग आला. मी तो ब्रश उचलून माझ्या पर्समध्ये टाकला.

"कोण कुणाचं ते वर्गालाच विचारू," असं म्हणून मी चित्र उंच धरलं.

"ह्ये आप्पा. अंगठ्याला चिंधी हाय बघा," पहिल्या बाकावरून आवाज आला. "आन् ही भाजीवाली मावशी. तिच्या चपलेला पिन असती." पोरं एकेक पाय ओळखत गेली. ती मुलगी हळूच म्हणाली, "आई गिऱ्हाइकाला हातावरनं वळखती. मी पायावरनं."

मुख्याध्यापक म्हणाले, "स्पर्धेला पाय वळखायला पोरं न्हाईत यायची, बाई. चित्रं तपासायला साहेब येणार हायत."

"येऊ देत," मी म्हटलं. चित्र गेलं ते तसंच गेलं. मी स्वतः नेऊन दिलं, वाटेत कुणी शहाणपणा करायला नको म्हणून.

बक्षीस मिळालं नाही. चित्र परत आलं तेव्हा मागे पेन्सिलीने शेरा होता: चेहरे नाहीत, चित्र अपूर्ण. मुख्याध्यापकांनी तो वर्गात येऊन मोठ्याने वाचला, माझ्याकडे बघत. पुढल्या वर्षी त्यांनी मला पहिलीवर टाकलं. तिथंही मी पाटीवर अक्षरं गिरवून घेण्याआधी रंग कालवायला शिकवलं, पण ते नंतरचं.

त्या दिवशी मुख्याध्यापकांनी शेरा वाचून संपवला. मला वाटलं, आता ही पोर पुन्हा म्हणणार, मी काढते तोंडं. ती उठली. चित्र त्यांच्या हातातून घेतलं, दप्तरात नीट सरकवलं आणि म्हणाली,

"गुरुजी, त्या साहेबास्नी एकदा आमच्या बाजेखाली बसवा की."